आधी अंतर, मग हीटर : ऑइल शेल जमिनीखालीच तापवण्याचा आराखडा

नाशिकच्या काळ्या पाषाणात केरोजेन, म्हणजे तापवलं की तेल देणारा खडकातला सेंद्रिय पदार्थ, शोधत बसू नका. हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा आहे, त्यात तेलाचा अंश असायचं कारणच नाही. ऑइल शेलचा, म्हणजे केरोजेन असलेल्या खडकाचा, सगळ्यात मोठा साठा अमेरिकेत कोलोरॅडो, युटा आणि वायोमिंग या राज्यांत पसरलेल्या ग्रीन रिव्हर थरांत आहे. आपल्याकडे वरच्या आसामात कोळशाच्या थरांबरोबर केरोजेन असलेला शेल सापडतो. मात्र हा आराखडा कागदावर मांडायला आणि त्यातला उष्णतेचा भाग हाताने करून बघायला नाशिक सोयीचं आहे. हीटर, तापमान मोजणारे थर्मोकपल, कंट्रोलर अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत मिळतात आणि कठीण खडक तर दारातच आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करणाऱ्यांना आणि हीटरच्या धंद्यात असलेल्यांना पुढचा हिशोब कामाला येईल.

एक गोंधळ आधी मिटवू. बातम्यांमध्ये ‘शेल ऑइल’ म्हणतात ते बहुतेकदा घट्ट खडकात अडकलेलं तयार तेल असतं. ते पाण्याच्या दाबाने खडक फोडून काढतात. ऑइल शेलमध्ये तेल तयारच झालेलं नसतं. असतं ते केरोजेन, म्हणजे घट्ट, न विरघळणारा सेंद्रिय पदार्थ. निसर्ग लाखो वर्षांत त्याचं तेल करतो. आपण तेच काम काही महिन्यांत किंवा वर्षांत उरकायचा प्रयत्न करतो. खडक कितीही फोडला तरी तापवल्याशिवाय थेंबही निघत नाही.

खडक किती देतो ते आधी मोजा

नमुना हातात आला की फिशर चाचणी करायची. १०० ग्रॅम खडक २.३८ मिमीच्या चाळणीतून जाईल इतका बारीक करा. बंद रिटॉर्टमध्ये (तापवायच्या भांड्यात) भरून मिनिटाला १२ अंश या गतीने ५०० अंश सेल्सिअसपर्यंत न्या आणि तिथे ४० मिनिटं धरा. निघणारी वाफ बर्फात ठेवलेल्या नळीत थंड होते. तेल आणि पाणी वेगळं मोजायचं, रिटॉर्टमध्ये उरलेला खडक तोलायचा, आणि जे वजन कुठेच सापडत नाही ते वायूचं धरायचं.

इथे दोन चुका हमखास होतात. नमुना ओला राहिला तर पाण्याचा आकडा फुगतो, आणि गती १२ अंशांहून बरीच वेगळी पडली तर दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ उरत नाही. ही चाचणी धूर ओढणाऱ्या हूडखालीच करा. निघणाऱ्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास यायचा थांबला म्हणजे धोका टळला असं समजू नका, कारण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं.

टनामागे १०० लिटरच्या आसपास तेल देणारा खडक चांगला मानतात. अमेरिकी मापात २५ गॅलन प्रति टन म्हणतात ते आपल्या १०४ लिटर प्रति टनाएवढं होतं. पुढचा सगळा हिशोब याच आकड्यावर केला आहे.

आच किती आणि किती वेळ

जमिनीवरच्या भट्टीत शेल ५०० अंशांना भाजतात. जमिनीखाली ३४० ते ३७० पुरतात, कारण तिथे घाई नसते. ग्रीन रिव्हरच्या शेलसाठी प्रयोगशाळेत मिळालेल्या वेगांवरून हिशोब केला, तर अर्धं केरोजेन फुटायला ५०० अंशांवर १५-१६ सेकंद लागतात. ४०० वर पाऊण तास, ३५० वर १७ तास, ३२५ वर चार दिवस, ३०० वर जवळपास महिना आणि २७५ वर साडेसात महिने लागतात. तापमान २५ अंशांनी उतरलं की वेळ सहा ते आठ पट वाढतो.

मंद आचेचा फायदाही आहे. हळूहळू फुटलेल्या केरोजेनची वाफ तेल काढायच्या विहिरीपर्यंत येता येता आणखी हलकी होते, त्यामुळे भट्टीतल्या तेलापेक्षा हे तेल पातळ निघतं आणि पुढच्या शुद्धीकरणाचा खर्च कमी होतो. जड भाग कोक (घन कार्बन) होऊन खाली राहतो, म्हणून एकूण तेल फिशर चाचणीच्या ६०-६५ टक्केच धरा. त्याखेरीज बराच ज्वलनशील वायू मिळतो.

या आकड्यांकडे नीट पाहिलं तर खरी अडचण कुठे आहे ते कळतं. ३५० अंशांना रसायनाचं काम दोन-चार दिवसांत आटपतं. प्रत्यक्षात मात्र महिने, वर्षं जातात, कारण उष्णता खडकातून गोगलगायीच्या गतीने सरकते. म्हणून आराखड्यात पहिला ठरवायचा आकडा दोन हीटर-बोअरमधल्या, म्हणजे हीटर उतरवायच्या भोकांमधल्या, अंतराचा. हीटर कोणता, त्याची शक्ती किती, वीज कुठून आणायची, हे सगळं त्याच्यामागून येतं.

अंतराचा हिशोब

शेलमध्ये उष्णता पसरण्याचा गुणांक सुमारे ०.५ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद असतो. हीटरपासून सगळ्यात लांबच्या बिंदूचं अंतर मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि या गुणांकाने भागा. एकक जुळवायला आधी गुणांकाचे चौरस मीटर करून घ्या. उत्तर सेकंदांत येतं. तो खालचा अंदाज समजा.

हीटर त्रिकोणी जाळीत मांडले तर सगळ्यात लांबचा बिंदू त्रिकोणाच्या मध्यावर, म्हणजे अंतराच्या ०.५८ पट दूर असतो. २ मीटर अंतराला तिथवर उष्णता पोचायला महिना लागतो, ४ मीटरला चार महिने आणि ८ मीटरला सोळा महिने. अंतर दुप्पट केलं की वेळ चौपट होतो, यातून सुटका नाही. आणि हा फक्त पोचायचा वेळ झाला. पुरेशी ऊर्जा ओतायला त्याहून जास्त वेळ लागतो.

आता ऊर्जा बघू. एक घनमीटर शेल म्हणजे सुमारे २.२ टन. तो २५ वरून ३५० अंशांवर न्यायला जवळपास ७९० मेगाज्यूल लागतात. छिद्रांत ५ टक्के पाणी असेल तर ते ५० लिटर उकळून वाफ करायला आणखी १३५ मेगाज्यूल. केरोजेन फोडायला आणि त्याची वाफ व्हायला थोडे धरून एकूण १,००० मेगाज्यूल, म्हणजे २८० युनिट होतात. वरच्या-खालच्या थरांत आणि बाजूला २०-२५ टक्के उष्णता निसटतेच, म्हणून घनमीटरला ३५० युनिट धरा.

त्रिकोणी जाळीत एका हीटरच्या वाट्याला अंतराच्या वर्गाच्या ०.८७ पट क्षेत्र येतं. हीटर मीटरला ०.८ किलोवॉट देत असेल, तर २ मीटर अंतराला साधारण दोन महिने लागतील, ४ मीटरला आठ-साडेआठ महिने, ८ मीटरला पावणेतीन वर्षं. बोअर कमी हवेत की वर्षं कमी हवीत, हा व्यवहार इथेच करावा लागतो. उथळ थरात बोअर स्वस्त पडतात, तिथे दाट मांडणी परवडते. ३००-४०० मीटर खोल थरात प्रत्येक बोअरचा खर्च इतका असतो की लोक ८-१० मीटर अंतर घेतात आणि वाट बघतात.

दाट मांडणीचं जुनं उदाहरण स्वीडनमधलं. १९४० च्या दशकात क्वार्नटॉर्प इथे फ्रेडरिक युंगस्ट्रॉम यांच्या पद्धतीने षटकोनी मांडणीत, सुमारे २.२ मीटर अंतरावर विजेचे हीटर उतरवले होते आणि षटकोनाच्या मध्यावर वाफ काढण्याची विहीर होती. औष्णिक केंद्रांत बॉयलरमागे फिरणारा एअर प्रीहीटर असतो, तोही याच युंगस्ट्रॉम यांचा शोध. उष्णता वाया जाऊ द्यायची नाही, हा त्या माणसाचा आयुष्यभराचा छंदच म्हणायचा. षटकोनाच्या मध्यावर उत्पादन-विहीर ही मांडणी आजही तशीच वापरा. फक्त ती विहीरही थोडी गरम ठेवावी लागते, नाहीतर वाफ वर येताना थंड होऊन तेल परत खाली ठिबकतं.

विजेचं गणित डोळ्यांआड करू नका

घनमीटरमध्ये १०४ लिटर प्रति टनाने २२९ लिटर तेल आहे. त्यातलं हाती येतं १४५ लिटर, म्हणजे एका पिंपाहूनही कमी, कारण पिंप १५९ लिटरचं. पिंपामागे ३८५ युनिट झाले. खडक जास्त समृद्ध असेल तर आकडा उतरतो: रँड या अमेरिकी संस्थेने २००५ मध्ये रोज १ लाख पिंपांसाठी १,२०० मेगावॉट वीजक्षमता लागेल असं मांडलं होतं, त्यावरून पिंपामागे २८८ युनिट येतात. नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्राचे २१० मेगावॉटचे तिन्ही संच पूर्ण ताकदीने चालले तरी ६३० मेगावॉट. म्हणजे रोज लाख पिंपांसाठी अशी जवळजवळ दोन केंद्रं लागतील.

वीज कोळशावरची असेल तर पिंपामागच्या त्या ३८५ युनिटांसाठी सुमारे ४ गिगाज्यूल कोळसा जळतो आणि बदल्यात सुमारे ६ गिगाज्यूल तेल मिळतं. सोबत निघणाऱ्या वायूवर स्वतःचं वीजकेंद्र चालवलं तरच हा व्यवहार जरा बरा दिसतो. आराखड्यात हे वायूकेंद्र धरलंच नसेल, तर तो कागद बाजूला ठेवलेला बरा.

हीटर

जमिनीत उतरणारा हीटर म्हणजे स्टेनलेसची लांब नळी, मध्ये तापणारी तार आणि दोहोंमध्ये ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. थराच्या वरचा भाग तापवायचा नसतो, तिथे कमी रोधाची जाड तार, म्हणजे ‘कोल्ड एंड’ जोडतात. हीटर बहुधा याच जोडावर जातो, कारण तापलेला आणि गार भाग वेगवेगळा प्रसरण पावतो. हा जोड थराच्या वरच्या कडेपासून मीटरभर वरच ठेवा.

मॅग्नेशियम ऑक्साइड हवेतला ओलावा ओढतं. हीटर उतरवण्याआधी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) मारून बघा. रीडिंग एक-दोन मेगओहमच्या खाली असेल तर थेट पूर्ण दाब देऊ नका. टोकं उघडी ठेवून कमी व्होल्टेजवर काही तास तापवा, ओल निघून गेली की रीडिंग चढतं. मग टोकं लगेच सील करा. पावसाळ्यात शेडमध्ये पडून राहिलेला हीटर हमखास असा निघतो.

मीटरला ०.८ किलोवॉट शक्ती आणि ८ मीटर अंतर घेतलं, तर खडक सरासरी ३५० अंशांना पोचेपर्यंत बोअरची भिंत ७०० अंशांच्या आसपास जाते. ४ मीटर अंतराला ती ६२० च्या आसपास राहते. भिंतीजवळ इतकं तापमान झालं की तिथले कार्बोनेट फुटू लागतात आणि फुकटची उष्णता खातात. शिवाय केरोजेन निघून गेलेला खडक सच्छिद्र होतो, उष्णता कमी वाहून नेतो आणि भिंत आणखी तापते. म्हणून शक्ती सुरुवातीला पूर्ण द्या आणि भिंत ६५०-७०० ला पोचली की उतरवत न्या. एकाच शक्तीवर वर्षभर चालवायचा हट्ट धरला तर हीटर जळतो.

आणखी एक त्रास: समृद्ध थर तापला की फुगतो आणि बोअर आवळतो. हीटर थेट खडकात न ठेवता जाड केसिंगमध्ये (बोअरमध्ये बसवलेल्या पोलादी नळीत) ठेवण्यामागे हेच कारण आहे. केसिंग आणि उत्पादन-विहिरीचं पोलाद हायड्रोजन सल्फाइडला टिकणारं निवडा.

पाणी अडवता आलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ

शेतकऱ्याला बोअरला पाणी लागलं की आनंद होतो, इथे उलटं आहे. तापणाऱ्या भागात सेकंदाला एक लिटर, म्हणजे तासाला ३,६०० लिटर पाणी झिरपत असेल, तर त्याची वाफ करण्यातच २,७०० किलोवॉट जातात. मीटरला ०.८ किलोवॉटने ही ३,३०० मीटरहून जास्त हीटरची शक्ती झाली. पाणी असेपर्यंत तापमान उकळबिंदूवर अडकून राहतं. ३०० मीटर खोलीवरच्या ३० बार दाबाला तो बिंदू २३४ अंश असतो आणि त्या तापमानाला केरोजेन ढिम्म हलत नाही. तापमान वाढायचं थांबलं की आधी पाण्याचा संशय घ्या, हीटर नंतर तपासा.

शेल कंपनीने कोलोरॅडोत यावर गोठवलेल्या भिंतीचा उपाय करून पाहिला. (कंपनीचं नाव आणि खडकाचं नाव सारखंच आहे, वाचताना सांभाळा.) भोवताली सुमारे अडीच मीटर अंतरावर १५७ बोअर घेऊन त्यांतून उणे तापमानाचा द्रव फिरवला आणि जमिनीतलं पाणी गोठवून कडं तयार केलं. त्याआधीच्या छोट्या प्रयोगात, ३० बाय ४० फुटांच्या तुकड्यातून, सुमारे १,७०० पिंप हलकं तेल निघालं होतं. २०१३ मध्ये कंपनीने तिथलं काम बंद केलं.

तशी भिंत करायची तर क्रम चुकवू नका. आधी कडं बंद करा, मग आतलं पाणी उपसा. उपसल्यावर आतली पातळी स्थिर राहते का, ते काही आठवडे पाहा आणि मगच हीटर लावा. तेल निघून गेल्यावरही गोठवण थांबवता येत नाही. तापलेल्या खडकात फिनॉल, बेंझिनसारखे पदार्थ उरतात. पाणी सोडून खडक थंड करायचा, ते पाणी उपसून साफ करायचं, आणि ते स्वच्छ येईपर्यंत कडं राखायचं. या शेवटच्या टप्प्याचा खर्च अंदाजपत्रकात सगळ्यात आधी लिहा, कारण तोच गाळला जातो.

हीटर-बोअरऐवजी दुसरे मार्गही लोकांनी धुंडाळले. एक्सॉनमोबिलने खडकात उभ्या भेगा पाडून त्यांत वीजवाहक कोक भरला आणि भेगेचाच हीटर केला. बोअर कमी लागतात, पण भेग कुठे जाईल यावर ताबा कमी. गरम वायू फिरवण्याच्या पद्धतीत खडक आधी भेगाळून घ्यावा लागतो. रेडिओ लहरींनी आतूनच तापवायची कल्पना १९७० च्या दशकापासून आहे. तिथे उष्णता वाहण्याची वाट बघावी लागत नाही, पण महागडी वीज लहरींत बदलतानाच तोटा सुरू होतो. खडकाचा काही भाग खोदून काढून उरलेल्याचा चुरा करायचा आणि वरून पेटवायचा, हाही प्रकार झाला. त्यात वीज वाचते, पण आग चुऱ्यातून सारखी पुढे सरकत नाही, म्हणून तेल कमी मिळतं.

नाशिकच्या पाषाणात सराव

बेसॉल्टमधून तेल निघणार नाही, पण उष्णता कशी सरकते ते तो चोख दाखवतो. एप्रिल-मेमध्ये, भूजलपातळी खोल असताना करा. माती आणि मुरूम जिथे पातळ आहे अशी जागा निवडा आणि मांजऱ्या खडक टाळा, त्याच्या छिद्रांतून पाणी फिरतं.

विहिरीत सुरुंगासाठी भोकं पाडणारा ट्रॅक्टर-कॉम्प्रेसर बोलवा. साधारण ३४ मिमीचं भोक साडेतीन मीटर खोल घ्या. त्यापासून १५, ३०, ६० आणि १०० सेंटीमीटरवर प्रत्येकी दोन मीटर खोल चार भोकं थर्मोकपलसाठी पाडा. ही चारही वेगवेगळ्या दिशांना ठेवा, एका रांगेत घेतली तर एकमेकांत मिसळतात. कॉम्प्रेसरचं भोक तिरकं जातं, त्यामुळे खालच्या टोकाचं अंतर वरून मोजलेल्या अंतराहून वेगळं पडतं. सळई घालून कल मोजा आणि हिशोबात खरं अंतर धरा.

हीटर यू आकाराचा करून घ्या. नळी ८ मिमीची, प्रत्येक पाय तीन मीटर तापणारा आणि वरचा अर्धा मीटर कोल्ड एंड, एकूण ९०० वॉट. म्हणजे भोकाच्या मीटरला ३०० वॉट पडतात. चारही थर्मोकपल के-टाइप घ्या. सगळी भोकं क्रशरवरच्या कोरड्या बारीक कचेने ठासून भरा. पोकळी राहिली तर हीटर तिथे लाल होतो आणि थर्मोकपल हवेचं तापमान दाखवतं. अर्थिंग नीट करा, ३० मिलिअँपिअरचा लीकेज ब्रेकर लावा.

या प्रयोगात तापमानावर चालणारा कंट्रोलर नको, शक्ती सारखी हवी. व्होल्टेज २३० वरून २१० वर आलं की शक्ती १७ टक्क्यांनी घसरते. म्हणून स्टॅबिलायझर लावा आणि ऊर्जामीटरचं रीडिंग रोज लिहा. तापमान पहिल्या दिवशी तासाला, नंतर दिवसातून चारदा नोंदवा.

आठवड्यात दीडशे युनिट जातील. तेवढ्यात बोअरची भिंत १४० अंशांच्या आसपास पोचेल. मूळ तापमानापेक्षा वाढ १५ सेंटीमीटरवर सुमारे ५० अंश, ३० वर ३३, ६० वर १६ आणि एक मीटरवर जेमतेम ६ अंश दिसेल.

आता ३० सेंटीमीटरवरचं तापमान आलेखावर मांडा, आडव्या अक्षावर वेळ लॉगरिथमच्या मापात घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतरचे बिंदू जवळपास सरळ रेषेत येतात. वेळ दहापट झाल्यावर ही रेषा किती अंश चढेल ते काढा. मीटरमागच्या वॉटना ०.१८३ ने गुणून त्या चढाने भागलं की खडकाची उष्णतावाहकता मिळते. चढ ३२ अंश असेल तर ती १.७ (वॉट प्रति मीटर प्रति अंश) येईल आणि कोरड्या घट्ट बेसॉल्टला ती साजेशी आहे. उत्तर ३-४ आलं तर खडक फार चांगला वाहक आहे असं समजू नका. भोक तिरकं गेलं असेल, नाहीतर खाली पाणी फिरत असेल. आठवड्याच्या मध्ये रेषा अचानक आडवी झाली आणि व्होल्टेज ठीक असेल, तर ते पाणीच. शेजारच्या मळ्यात त्या दिवशी पाट सोडला होता का, तेवढं विचारून या.